हिचा दगड

४ फेब्रुवारी १९७५
जावईबापू शालूला घेऊन पुण्याहून आले, सोबत नकाशा. नदीकाठची आपली मळीची जमीन सरकारनं घेतली, तिथं पाणी-संशोधनाची इमारत होणार. नकाशा त्यांच्याच हातचा. काळा दगड, चुना. सगळं खांबांवर, म्हणजे पूर खालून निघून जाईल. पंखे नकोत, नदीचं वारं आतून फिरेल. छपराचं पाणी टाकीत. पटलं. पण काठाकडचा एक खांब बरोबर हिच्या दगडावर येतो.

५ फेब्रु.
ही जतची, दुष्काळी मुलखातली. लग्न होऊन आली तेव्हा त्या दगडावर उभी राहून म्हणाली होती, "एवढं पाणी, आन् राखणीला कुणीच न्हाई?" पुढं धुणं झालं की रोज तिथंच बसायची. हाक मारली तरी उठायची नाही. आता हाक मारायला...

८ फेब्रु.
जावयापाशी मागणं कसं करायचं? शालूला म्हटलं, तू बोल नवऱ्याशी. म्हणाली, "आवं दादा, तुमीच सांगा की. त्ये काय खात्यात व्हय तुमाला?" मग एकटीच आईच्या दगडाकडं जाऊन आली.

१२ फेब्रु.
भूमिपूजन. जमीन आपली होती म्हणून पूजेला मी. बायको नाही, तर भटजींनी तिच्या जागी कमरेला सुपारी खोचायला लावली. सारखा हात तिकडंच. पडली तर? शेजारचा गणू म्हणतो, "वहिनी असत्या तर एवढ्या गप बसल्या नसत्या गड्या." खरं आहे. पूजेनंतर भटजी म्हणाले, सुपारी नदीत सोडा. सोडली नाही.

१३ फेब्रु.
संध्याकाळी जावईबापू दगडावर बसले. बराच वेळ. मी मागं उभा. म्हणाले, "मामा, इथं वारं छान लागतं." तोंडाशी आलं होतं. म्हटलं, "चहा टाकायला सांगू?"

१४ फेब्रु.
दोघं पुण्याला गेली.

२० फेब्रु.
चुन्याच्या खुणा पडल्या. काठाकडच्या खांबाला दोन: एक दगडावर, दुसरी दगड सोडून हातभर अलीकडं. मुकादमाला विचारलं, खरी कंची? "सायबांनी दोन्ही मारायला सांगितल्यात. ऐतवारी येऊन ठरवणार." शालू बोलली असेल? का नुसता मापाचा घोळ?
सुपारी सोडायला नदीवर गेलो. पाण्याला हात पोचतो तो त्या दगडावरूनच. बसलो. पाणी चाललं होतं.
सुपारी परत कनवटीला लावून आलो. ऐतवार होऊ दे.