ठोंब्याला सांगू नकोस

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, ग्रंथालयात पुस्तकबांधणी करून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यात ‘आजमितीस’ असा शब्द आहे. तो मला मान्य आहे.

१. राहती जागा आणि बँकेतली शिल्लक भाचीला, म्हणजे आक्काच्या मुलीला. पुस्तकं दाबायचा शिकंजा, दाभण, सुया आणि खळीचं भांडंही तिलाच. तिला बांधणी येत नाही, पण वस्तू जपता येतात.

२. खिडकीजवळची वेताची खुर्ची धाकट्या भावाला. आक्काला विसरण्याचा आजार जडल्यावर त्याने एक बोलकं यंत्र पाठवलं आणि स्वतः सहा वर्षं फिरकला नाही. त्याने एक संध्याकाळ या खुर्चीत बसून काढावी. माझा राग तेवढ्यावर मिटेल.

३. आता ते यंत्र. गुडघ्याएवढं, डोळ्यांत निळसर दिवे. आक्का त्याला ठोंब्या म्हणायची. भावोजी गेलेले ती विसरायची आणि ते कुठे आहेत म्हणून विचारत राहायची. खरं सांगितलं की दर वेळी नव्याने रडायची. म्हणून मीच ठोंब्याला शिकवलं : “येतीलच संध्याकाळी.” शाळेत सिस्टरांनी खोटं बोलायचं नाही असं बजावलं होतं, मी ते दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतलं. मग रोज पडद्यावरचं ऊन पिवळं झालं की आक्का केस विंचरून, पावडर लावून त्या खुर्चीत बसायची. घर पाण्याखाली असल्यासारखं शांत व्हायचं.

एकदा तिने मला जवळ ओढलं. डोळे अगदी पूर्वीचे. हळूच म्हणाली, “हे गेलेत, ठाऊक आहे गं मला. ठोंब्याला मात्र सांगू नकोस. बिचारं रोज आस लावून बसतं.”

दुसऱ्या दिवशी तिला यातलं काही आठवत नव्हतं. पावडर लावून बसली होती.

४. आता तोच आजार मला. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. पण मी पान पान सुटत जाणार, तेव्हा हे कलम आधीपासूनच धरावं. मी आक्का कुठे म्हणून विचारलं, तर भाचीने स्वतः, हात हातात घेऊन, ती गेल्याचं सांगावं. रडले तर रडू द्यावं. ठोंब्याकडून ‘येईलच’ म्हणवू नये. त्याने ऐकलेलं माझं बोलणं मी गेल्यावर पुसावं. कंपनीला देऊ नये.

मात्र एखाद्या संध्याकाळी मीच त्याला “येईल हं आक्का” असं सांगताना दिसले, तर कोणी मला दुरुस्त करू नये. मी त्याची समजूत घालत असेन.

साक्षीदार : खालच्या मजल्यावरचे घड्याळजी (सही)
घरी येणाऱ्या नर्सबाई (सही)

स्थळ : खिडकीची खोली
तारीख : १७ नोव्हेंबर, मंगळवार. ठोंब्याला न विचारता लिहिली.

(सही)