खिरापत कोणाच्या कानात

माय,

काल तुझी धाकटी लेक घरी आली आणि नातींसमोर तिनं माझी आठवण आपली म्हणून सांगितली. मी तिच्याकडे चोर पकडल्यासारखी बघत राहिले.

आठवण भुलाबाईच्या महिन्यातली. शाळेतल्या नकाशावर आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. रोहिणखेडच्या आपल्या अंगणात संध्याकाळी पोरी जमतात, गाणी होतात, मग तू खिरापतीचा झाकलेला डबा आणतेस. डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. तू मोठी बिलंदर, वाजू नये म्हणून खाऊ फडक्यात गुंडाळायचीस. घरच्या पोरींनाही आधी काही कळू द्यायचं नाही, हा तुझा कायदा. तो तू एकदाच मोडलास. कानाशी वाकलीस, हाताला हळदीचा वास होता, आणि पुटपुटलीस, "फुटाने हायेत. कोनाले सांगू नोको." त्याच थंडीत तू गेलीस. तुझं असं फक्त माझं म्हणावं, तर तेवढंच माझ्याजवळ उरलं.

आणि ही म्हणते, "मायनं मले सांगतलं होतं!"

आधी वाटलं, मुद्दाम बोलतेय. मग माझाच मला संशय यायला लागला. महिनाभर तेच अंगण, तीच गाणी, तोच डबा. डोकं तरी काय काय वेगळं ठेवणार? ओले पापड एकावर एक ठेवले की चिकटतात, मग सोडवताना एकाचा तुकडा दुसऱ्याला लागून येतो. तू गेलीस तेव्हा ती एवढीशी होती. तिची वेणी घालताना ही गोष्ट मीच तिला कितीदा सांगितली असेल. का मी नुसती शेजारी उभी होते, आणि तिचंच ऐकलेलं आपलं म्हणून धरून बसले?

मी सहज विचारल्यासारखं केलं, "कोन्त्या कानात वं?"

"डाव्या. अजून गुदगुल्या होतात, ताई."

माय, तिचा डावा कान पाळण्यात असतानाच फुटला होता. त्या कानानं तिला कधीच ऐकू आलं नाही. "तिच्या उजव्या अंगाले बसून बोला," असं तूच तर सगळ्यांना बजावायचीस. तू वाकलीस तो डावा कान माझा. मी तो नुसता हातानं झाकून बसले.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्याजवळ तुझं दुसरं काहीच नाही, हे मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "हाव वं, तुलेच सांगतलं होतं."

आता हे पत्र कुठं धाडणार? उशीखाली ठेवते. पण काल हाव म्हटल्यापासून एक होऊन बसलंय. डोळे मिटले की तू वाकताना दिसतेस, फडक्याची गाठ दिसते, हळदीचा वास येतो, आणि तू तिच्याकडे वाकलेली असतेस. म्हणून विसरायच्या आत लिहून ठेवते. कान माझा होता, माय.