अधिकृत तज्ज्ञाचे बोट

हिंगोली, मंगळवार, सायंकाळ

मजूर दत्तराव आज दोन अहवाल घेऊन आला. हळद पॉलिशच्या ड्रमपाशी राबून त्याचे कान गेले; भरपाईचा दावा या अहवालांवर ठरणार. अधिकृत तज्ज्ञाच्या मते कान जवळजवळ निर्दोष. वसमतच्या श्रवणतपासनीस बाईंच्या मते दोन्ही निकामी. मात्र भरपाईसाठी तपासण्याचा अधिकार त्यांना नाही.

तज्ज्ञापुढे ऐकू कसे आले, असा प्रश्न मी कागदावर लिहून दाखवला.

"काहीच न्हाई आलं, वकीलसाहेब. आवाज आला की बटण दाबायचं व्हतं; त्यायचं बोट मशीनवर हललं की म्या दाबलं. ड्रमपाशी आमचं समदं हातवाऱ्यावरच चालतं. वसमतच्या बाईनं भिंतीकडं तोंड करून बसवलं, बोट दिसंना, लई तकलीफ दिली."

अधिकाराविना केलेली तपासणी अग्राह्य, असा युक्तिवाद मी आयुष्यभर केला. त्यात आजही दोष सापडत नाही. पण ते बोट... अधिकार असलेल्याने समोरच्याची नजर कुठे आहे, एवढेही पाहू नये? मग अधिकार नेमका कशाचा?

फेरतपासणी मागावी, तर कारण द्यावे लागेल. बोट पाहून बटण दाबणे ही लबाडी होती काय? तसे लिहून विचारले.

"नापास झालो तर कामावरून काढतील, असं वाटलं."

हे वाक्य अर्जात घालावे की वगळावे, मला ठरवता येत नाही.