चौदावा पत्ता

२६ ऑगस्ट १९८५, सोमवार. सकाळी ९ वाजून ४० मिनिटे.

टेबलाच्या आखूड पायाखाली कागदाची घडी सारून लिहायला बसलो आहे. आता टेबल हलत नाही. पहिल्या बसने सौंसरहून पांढुर्ण्याला आलो. खोली छान आहे: एक खिडकी, एक खुर्ची, एक कंदील, वर कवेलू, म्हणजे कौलांचे छप्पर. नदीपासून तिसरी गल्ली. घरमालकीण अंबाबाई पुढच्या भागात राहतात. सामान किती आहे ते त्यांनी दारातूनच पाहिले आणि इतक्या कमी सामानाचा माणूस भाडे बुडवायला बरा, असे म्हणून हसल्या. भाडे रघुनाथराव देणार आहेत हे सांगितल्यावर चहा मिळाला.

रघुनाथराव नागपूरच्या कॉलेजात विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहेत. ज्यांना लोक अंतर्ज्ञानी म्हणतात त्यांची ते परीक्षा घेतात. तीस वर्षांत एकेचाळीस जणांची घेतली, एकही पास नाही. बेचाळिसाव्या सौंसरच्या वच्छलाबाई. हरवलेला बैल कोणत्या शिवारात आहे हे त्या घरी बसून सांगतात. मी अकरावीला गणितात दोनदा राहिलो, पण शुद्धलेखनात माझे गुण कोणी कापले नाहीत. रघुनाथरावांना तेवढेच हवे होते: जे झाले ते लिहिणारा आणि जे झाले नाही ते न लिहिणारा.

काम असे. पत्ते पंचवीस, चित्रे पाच: संत्रे, नांगर, दिवा, मोर, विहीर. प्रत्येक पाच वेळा. रोज सकाळी दहाला मी इथे पत्ते पिसायचे, मिनिटाला एक उचलून पाहायचा आणि लिहायचा. त्याच मिनिटाला तिकडे सौंसरला वच्छलाबाई, मी काय पाहत आहे ते सांगतील आणि रघुनाथराव लिहितील. त्यांचा बंद लिफाफा संध्याकाळच्या बसने कंडक्टर श्रावण आणील. मी दोन्ही कागद वहीत शेजारी शेजारी उतरवून जुळलेल्यांवर खूण करायची. नुसत्या अंदाजानेही पाच जुळतात. रोज दहा-बारा जुळले तर काही आहे म्हणायचे.

वीस बैठका. पूर्ण बैठकीचे पाच रुपये, अर्धवटीचे काही नाही. सगळे शेवटी मिळणार. अकरावीचा फॉर्म खाजगीरीत्या भरायची मुदत सप्टेंबरअखेर आहे. या वेळी राहिलो तर घरचे पुन्हा भरू देणार नाहीत.

२७ ऑगस्ट

पहिली बैठक. घड्याळ रघुनाथरावांनी दिलेले आहे. ते सकाळी रेडिओच्या बातम्यांवर लावले. पंचवीस मिनिटे पाच चित्रांकडे पाहणे सोपे वाटले होते. विसाव्या पत्त्यापर्यंत डोळे जड झाले. लिफाफा साडेपाचला आला. जुळले चार.

३० ऑगस्ट

चार, सहा, पाच, चार. कागदासोबत रघुनाथरावांची चिठ्ठी होती: बाईंचे डोके दुखते, त्या कंटाळल्या आहेत, मीही कंटाळलो आहे, पण वीस म्हणजे वीस. बाई पत्त्यांखेरीज पुष्कळ काही बडबडतात. ते लिहायचे नाही असा नियम आपण आधीच केला आहे, असेही होते.

मीही थकलो आहे. दुपारी डोळे मिटले की मोर दिसतो. अंबाबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "अर्धा घंटा चित्रं पाहून राहिला अन् दिवसभर झोपून राहिला. असं काम आमच्या घरच्याले नाही भेटलं."

१ सप्टेंबर, रविवार

माझ्या हातून चूक झाली. चूक कशी झाली ते नीट लिहितो.

काल श्रावण लिफाफा बॅगेतच विसरला. आज त्याने कालचा आणि आजचा असे दोन एकदम दिले. मी वरचा फोडला, आजच्या माझ्या कागदाशेजारी ठेवला आणि खुणा करत गेलो. पहिला जुळला, दुसरा जुळला. दहाव्यानंतर मी खुणा करणे थांबवले आणि नुसते बोट फिरवले. पंचवीसपैकी पंचवीस. मी उठून अंबाबाईंना हाक मारणार होतो. मग वरची तारीख पाहिली. कागद कालचा होता. आजचा खरा कागद फोडला. जुळले पाच.

३ सप्टेंबर

सुरुवातीपासूनचे सगळे कागद काढले. माझे पत्ते रोज बाईंच्या आदल्या दिवशीच्या उत्तरांशी जुळतात. पंचवीसच्या पंचवीस. पहिल्या बैठकीच्या आधी बाईंचा कागद नाही, म्हणून तिच्यासाठी काही सांगता येत नाही. बाकी एकही चूक नाही.

मी सकाळी पत्ते पिसतो तेव्हा ते कसे लागणार हे सौंसरच्या कागदावर चोवीस तास आधी लिहिलेले असते.

आजचा लिफाफा आला आहे. फोडला नाही. उद्याच्या बैठकीनंतर फोडीन.

४ सप्टेंबर

पत्ते पन्नास वेळा पिसले. अंबाबाईंना बोलावून कट करायला लावले. त्यांनी हात पुसून कट केला आणि हा जुगार असेल तर आपल्याला सांगून ठेव म्हणाल्या. सातवा पत्ता उचलला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. तो न पाहताच उपडा ठेवला आणि वहीत रेघ ओढली.

मग कालचा लिफाफा फोडला. सगळे जुळले. सातव्या जागी रघुनाथरावांच्या अक्षरात आडवी रेघ होती. शेजारी कंसात लिहिले होते, बाई काहीच दिसत नाही म्हणतात.

म्हणजे त्या पत्ता ओळखत नाहीत. माझ्या डोळ्यांना जे दिसणार आहे ते पाहतात.

५ सप्टेंबर

आजचा लिफाफा संध्याकाळीच फोडला. राहवले नाही. पंचवीस रेघा. खाली शेरा: बाई थकल्या, काही दिसत नाही, नुसता अंधार म्हणतात.

आजचा कागद म्हणजे उद्याची सकाळ. उद्या दहाला मला काहीच दिसणार नाही.

७ सप्टेंबर

जिवंत आहे. काल पहाटे ताप भरला. दहा ते साडेदहा मी डोक्यावरून चादर घेऊन पडलो होतो. बैठक झाली नाही, पाच रुपये गेले. अंबाबाईंनी काढा दिला. चादरीतला अंधारही त्यांना बरोबर दिसला, एवढेच.

रेघ म्हणजे मरण नव्हे. हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेसे वाटले, पण वही खराब होईल.

१२ सप्टेंबर

रघुनाथरावांना परवा सगळे कळवले, तक्ता जोडून. आज उत्तर आले. लांब आहे, रागाचे नाही. कागद मागेपुढे सरकवून जुळवायला लागलो तर कशाशीही काहीही जुळते, माणसे अशीच फसतात, मी स्वतः तरुणपणी दोनदा फसलो, असे लिहिले आहे. नियम मध्येच बदलायचा नाही. पण मोरेश्वर, तू खोटी खूण करणार नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून एक संधी देतो. शनिवारचा बाईंचा कागद मी दोन साक्षीदारांसमोर लाखेने बंद करीन. रविवारची शेवटची बैठक तू पूर्ण कर. त्यानंतर कागद सगळ्यांसमोर फोडू. पंचवीस जुळले तर तीस वर्षांत पहिल्यांदा मी सही करीन.

शेवटी लिहिले आहे, कोणी पास झाले तर मला हवेच आहे, पण मी कोणाला पास करणार नाही.

पत्र चार वेळा वाचले. त्यांचे म्हणणे चूक नाही. मला फक्त झोप हवी आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार. पोळा.

एकोणिसावी बैठक करून दुपारच्या बसने सौंसरला गेलो. लाख लावताना मी समोर असावे असे रघुनाथरावांनी कळवले होते. बैलांना झुली, शिंगांना रंग, रस्ताभर गर्दी. रघुनाथराव तीन आठवड्यांत दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसले. आज बाई चौदाव्यापासून पत्तेच सांगेनात, म्हणून तेरापर्यंतचीच उत्तरे आहेत, असे ते म्हणाले. तेरा आणि पुढे बारा रेघा. बाई थकल्या, असा शेरा त्यांनी याही वेळी लिहिला असणार. कागद मला दाखवला नाही. मी मागितलाही नाही.

मी पाणी प्यायला मागच्या अंगणात गेलो. वच्छलाबाई बैलाला पुरणपोळी चारत होत्या. त्यांना मी आज पहिल्यांदा पाहिले. बारीक बाई, डोक्याला फडके घट्ट बांधलेले. मी कोण ते सांगावे लागले नाही. माझ्या हातांकडे पाहून म्हणाल्या, "नखं कापत जाय बाबू. रोज पाहून राहिली मी."

तेराच्या पुढे काय दिसले ते मी विचारले. त्यांनी पोळीचा तुकडा बैलाच्या तोंडात दिला आणि हात पदराला पुसला.

"चवदावा पत्ता तुह्या हातून खाली पडते. मंग वरचे कवेलू दिसते. एक कवेलू नाही तिथं, भोक हाय, त्यातून आभाळ दिसते. मंग लय वेळ आभाळच. पापणी बी नाही लवत. म्या मास्तरले सांगतलं, तर ते म्हनते, आभाळ आपल्या पाच चित्रात नाही."

मी म्हणालो, त्या दिवशी अंधार दिसला तेव्हा मी चादर घेऊन झोपलो होतो.

"ते मले ठाऊक हाय. चादरीतून उजेड येते थोडा. हे तसं नाही." मग म्हणाल्या, "उद्या नको बसू. मीबी नाही बसत आता. डोक्याचा भुगा झाला माह्या."

रघुनाथरावांना हे सांगितले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाले, तुझ्यावर सक्ती नाही, नाही बसलास तर बेचाळिसावी नापास असे लिहून मी नागपूरला परत जाईन. झालेल्या बैठकांचे पैसे तुला मिळतीलच.

एवढेच म्हणाले. तरी परत येताना बसमध्ये मला वाटत राहिले की आयुष्यात एक गोष्ट मला पूर्ण दिसली आहे आणि ती सिद्ध करणारा मी एकटाच आहे. जो गणितात दोनदा राहिला तो.

संध्याकाळी ६

अंबाबाईंची शिडी आणून उजेड आहे तोवर कवेलू तपासले. एकेक ओळ. एकही फुटलेले नाही, एकही सरकलेले नाही. भोक नाही. वर भोकच नाही तर बाई या वेळी चुकल्या.

फार हलके वाटले. उद्या बसणार. खालून अंबाबाई विचारत होत्या की छप्पर विकत घ्यायचे आहे काय.

१५ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९ वाजून ३० मिनिटे.

झोप झाली नाही. आज गोटमार, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरच्या गावांची दगडफेक. माझ्या ध्यानात होते आणि नव्हते. पळसाचे झाड पहाटेच नदीत रोवले, तिकडे सावरगावचे, इकडे आपले. ढोल इथपर्यंत ऐकू येतो. अंबाबाई म्हणाल्या, तिसऱ्या गल्लीत गोटा कधीच येत नाही, हाताने फेकलेला तर नाहीच. गोफणी चालवून राहिले कोणी कोणी, पण त्यांना पोलीस धरते.

बस बंद. आज जायला कुठे नाही.

टेबल दोन हात भिंतीकडे सरकवले. मग परत जागेवर आणले. जिथे ठेवीन तिथेच बाईंनी पाहिले असणार.

९.५०

पुन्हा वर पाहिले. सगळे कवेलू जागेवर.

१०.०१ दिवा.
१०.०२ दिवा.
१०.०३ संत्रे.
१०.०४ विहीर. ढोल जवळ आला आहे. की वारा तिकडून आहे—
१०.०५ नांगर.
१०.०६ मोर.
१०.०७ मोर. गल्लीत माणसे पळत गेली. अंबाबाईंनी पुढचे दार लावले. मला हाक मारली, आत ये म्हणून. बैठक अर्धवट सोडता येत नाही असे मी—
१०.०८ संत्रे.
१०.०९ विहीर. शेजारच्या छपरावर काही पडले. घरंगळत गेले.
१०.१० नांगर.
१०.११ उठू शकतो. उठलो तर आभाळ अंगणातून दिसेल. तेही आभाळच. दिवा.
१०.१२ मोर.
१०.१३ संत्रे. तेरा झाले.

चौदावा डाव्या हातात उपडा धरला आहे. पाहिला नाही. कवेलू शाबूत आहेत. एक मिनिट आहे, तेवढ्यात हिशेब लिहून ठेवतो, मागून कोणाचा घोळ नको.

खर्च: बसभाडे, शाई, दोन वह्या मिळून एकोणीस रुपये चाळीस पैसे.
देणे: अंबाबाईंचे दुधाचे सात रुपये वीस पैसे. काढ्याचे त्या घेत नाहीत.
येणे: अठरा बैठकांचे नव्वद रुपये. आजची पूर्ण झाली तर पंच्याण्ण