न काढलेलं चाक

मानिसालेस, बुधवार

प्रिय एवेलिओदादा,

आईचा खोकला कमी झालाय. गॅरेजात मात्र माझं डोकं फिरायची वेळ आलीये. ओक्ताव्हिओ मालकांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं. आता गाडी आली की टॅबलेटवर तपासणीची यादी उघडायची: टायर, दिवे, ऑइल, एकेका ओळीपुढे हिरवं, पिवळं नाहीतर लाल. या याद्या तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सोमवारी भराभर ओळी लिहीत गेले आणि ब्रेकपाशी येऊन हात थबकला. शिकवायला आलेला येइसन म्हणाला, "ताई, इथे फोटो सक्तीचा करता येतो. फोटो आणि तपासणाऱ्याचं नाव टाकल्याशिवाय यादी पुरीच होणार नाही. करू?" मालक मागून ओरडले, "फोटोच काढत बसलात तर गाड्या काय पुढच्या वर्षी सोडणार? टिक करा नि मोकळे व्हा!"

टिक करून मोकळं होणं मला चांगलं ठाऊक आहे, दादा. रामिरोची शाळेची व्हॅन आली त्या दिवशी तू एका बसच्या गिअरबॉक्सखाली आडवा होतास. "मागच्या चाकांचे ब्रेकपाइप तेवढे नीट बघ गं," म्हणत तू तेलकट हातानं यादीच्या कागदावर आधीच सही ठोकलीस, माझ्यावर विसंबून. मी पुढची चाकं बघितली. बाहेर रामिरो सारखा हॉर्न वाजवत होता. मागचं चाक मी काढलंच नाही. वरपासून खालपर्यंत सगळ्या चौकोनांत टिका मारल्या आणि किल्ली त्याच्या हातात दिली. पोरांना घरोघरी सोडून तो परतत होता, म्हणून व्हॅन रिकामी होती. उतारावर ब्रेक लागलाच नाही, गाडी भिंतीवर गेली, रामिरोचा पाय चिरडला. मागचा पाइप फुटला होता. मालकांनी तो कागद सगळ्यांसमोर नाचवला, तेव्हा तू माझ्याकडे एकदाच बघितलंस आणि म्हणालास, "सही माझी आहे. चूकही माझीच." आठवड्याभरात तू परेइराला निघून गेलास. मी गप्प राहिले. दोन वर्षं.

सोमवारी मी येइसनला म्हटलं, कर सक्तीचा. मग मालकांना सगळं सांगितलं. "गाडलेली मढी कशाला उकरतेस?" म्हणाले. आज दुपारी रामिरोकडे गेले. त्याच्या बायकोनं गुळाचं गरम पाणी पुढं ठेवलं, ते तसंच निवून गेलं. ऐकून झाल्यावर त्यानं दाराकडे बघितलं. मला वाटलं, आता हाकलून देणार. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुझा भाऊ माफी मागायला आला होता, नीडिया. मी त्याच्या तोंडावर दार लावलं." त्याला तुला भेटायचंय. फोनवर नको म्हणतो, समोरासमोरच. म्हणून हे पत्र. रविवारी सकाळच्या बसनं आम्ही दोघं येतोय. मला बाहेर उभं ठेवलंस तरी मी काही म्हणणार नाही. त्याला मात्र लगेच आत घे. त्याला अजून फार वेळ उभं राहवत नाही.

तुझीच, तुला तोंड दाखवायला घाबरणारी,
नीडिया