ढोलीतली धनेशीण

१२ ऑक्टोबर
एनिफा बरी असेल ना? लेक तिसुंगे? तिचं तान्हं — धरून उभं राहतं का? जावयाची कंबर? विचारतोय कोणाला, तर या पानाला! लेकीच्या बाळंतपणाला म्हणून बायको जोहान्सबर्गला गेली, ती गेलीच. मका पेरला, काढला, खाऊन संपला.

आज घरामागे तान्हं रडल्यासारखं ऐकू आलं. तसाच अनवाणी धावलो. धनेश ओरडत होता! जोडी झाडातली ढोली बघतेय.

२० ऑक्टोबर
मादी अंडी घालायला आत बसली. नर चिखल आणतो, ती आतून ढोलीचं तोंड लिंपते. चोचीपुरती फट ठेवली.

२ नोव्हेंबर
मेहुणा बिझवेक आला. आमच्यात नवरा बायकोच्या गावी नांदतो — घर तिचं, शेत तिचं. त्यात आमच्या लग्नाचा मध्यस्थ हाच. बाईला नवरा नकोसा झाला तर मध्यस्थाने तोंडाने सांगावं लागतं. तोवर लग्न मोडत नाही.
ओसरीवर बसला, खोकला.
"काय रे, काही सांगायचंय?"
"छे, दाजी! आंबे यंदा लवकर पिकणार."

२३ नोव्हेंबर
नर उंबरं गिळून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून भरवतो. केवढी माया!
बिझवेक म्हणाला, "शिका काही, दाजी! बहिणीला असं लिंपून ठेवलं असतंत तर गेली असती का?"
"तिच्याच घरात तिला कोंडू? तूच मला हाकललं असतंस!"
पोट धरून हसलो. तो मधेच थांबला. "दाजी, एक बोलायचं होतं —"
"पिल्लू उडू दे रे. मग बोल."
गेला बिचारा.

७ डिसेंबर
नर दिवसभर फिरकला नाही. दहादा झाडाखाली जाऊन आलो.

८ डिसेंबर
आला!! गळा फुगेस्तोवर उंबरं.

१४ जानेवारी
ढोलीचं लिंपण फुटलं. आधी आई, मागून पिल्लू. फांदीवर जरा बसली, नराने हाक दिली, आणि तिघंही नदीकडे गेली. मी बघत राहिलो. झाड एकदम रिकामं.

१५ जानेवारी
बिझवेक सकाळीच दारात. मान खाली.
"पिल्लू उडालं म्हणे, दाजी. एनिफाचा निरोप ईस्टरपासून पोटात ठेवलाय मी. सांगू?"
म्हटलं, "नको."
तो बसला. मी चहा ठेवला.

एनिफा, तान्हं कसं आहे, तेवढं तरी लिही. लवकर लिही.