उसाच्या पेराची मूठ

मी, आकाराम गुंडू वरुटे, वय वर्षे ७३, पूर्वीचा धंदा फौंड्रीत पॅटर्नमेकर, हल्लीचा धंदा सुऱ्यांच्या मुठी घडवणे, राहणार सुभाषनगर, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझी पत्नी शालन हिचं मत वेगळं आहे, पण तिला मी साक्षीदार केलेलं नाही.

वकीलसाहेबांनी एक तयार मसुदा दिला होता. त्यात माझं नाव सोडलं तर माझं काहीच नव्हतं, म्हणून हा खटाटोप. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून बराच वेळ पाहिला आणि मग माझ्याशी न बोलता शालनशी बोलले. तेव्हाच ठरवलं की कागद करून टाकावा.

१. सुभाषनगर येथील राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पश्चात शालनला मिळावी, आणि तिच्या पश्चात आमची एकुलती मुलगी मोना हिला. यात वाद घालण्यासारखं काही नाही. ज्याला घालायचा असेल त्याने शालनसमोर घालून दाखवावा.

२. शालनचा दहा लिटरचा कुकर मी तिला परत करत आहे. मी तो मुठींसाठी नेला होता. साच्यात सुकी फळं-शेंगा मांडून त्यांवर रेझिन, म्हणजे नंतर दगडासारखा घट्ट होणारा द्रव, ओतलं की साचा या कुकरात ठेवून पंपाने हवा भरायची, म्हणजे आतले बुडबुडे दबतात आणि मूठ काचेसारखी निर्मळ निघते. कुकर घासून लख्ख केला आहे, तरी त्यात डाळ शिजवू नये. डाळ शिजवायची नाही तर परत कशाला करताय, असं ती म्हणेल. तिची वस्तू तिच्याकडे जावी, एवढंच माझं म्हणणं.

३. मागच्या अंगणातली पत्र्याची शेड, पट्टा-करवत, ड्रिल, पॉलिशचं चाक, सगळे साचे आणि पटाशा मोनाला द्याव्यात. ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तपासणी विभागात नोकरी करते. लोकांनी बनवलेल्या मालातल्या चुका काढणे हा तिचा धंदा आहे आणि तो ती घरीही करते. पोरीला काय करायच्यात मुठी, असं आमच्या भावकीत बोललं गेलं. मुठीला धरणाऱ्याचा हात कळतो, तो बाईचा की बाप्याचा हे कळत नाही. तिच्या हातची सुरूच्या फळांची मूठ माझ्यापेक्षा सरस झाली आहे. हे मी तिला तोंडावर सांगितलेलं नाही, ते इथे लिहितो.

तिने एक अट पाळावी. तोंडाला मास्क लावल्याशिवाय मूठ घासायची नाही. मी लावला नाही. त्याचाच फोटो डॉक्टर पाहत होते.

४. माझी आटणीची फूटपट्टी मोनालाच द्यावी. ही पट्टी फुटापेक्षा थोडी मोठी आहे. ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं, म्हणून साच्यासाठीचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, आधीच तेवढा मोठा करावा लागतो. आमच्याकडे आलेले पावणे तिला खोटी पट्टी म्हणून हसायचे. मी जन्मभर या पट्टीने मोजलं आणि माझं माप कधी चुकलं नाही. घरातल्या माणसांना मात्र मी आटणीची सूट फारशी दिली नाही.

५. शेल्फवर वाळत ठेवलेल्या वस्तू कोणीही कचरा समजून फेकू नयेत. मक्याची बुरकुंडं, बाभळीच्या शेंगा, करवंटीचे तुकडे, आंब्याच्या कोया, हे सगळं मुठींचं भांडवल आहे. मोनासाठी कृती थोडक्यात लिहितो, कारण सांगायला गेलं की ती ‘माहीत आहे पप्पा’ म्हणते. वस्तू आधी उन्हात वाळवायची, मग मंद आचेवर, आणि वाळली असं वाटलं की अजून वाळवायची. आत पाण्याचा अंश राहिला की रेझिन तापून फेसाळतं, दुधाळ होतं आणि मूठ आज ना उद्या तडकते. रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर वजनाने मोजायचे, नजरेने नाही. ओतल्यावर बोट लावून पाहायचं नाही. मी पाहायचो.

६. शाहूपुरीतले हार्डवेअरवाले बसवेश पाटणे यांनी मला एकदा मुदत संपलेला हार्डनर दिला होता आणि ती मूठ आजतागायत चिकट आहे. ती मूठ मी त्यांनाच ठेवली होती. पण ते या कागदाचे पहिले साक्षीदार व्हायला कबूल झाले आणि वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देऊ नका, उद्या कोणी खुसपट काढेल. त्यामुळे त्यांची सुटका झाली.

७. आता मुख्य गोष्ट. माझा धाकटा भाऊ केरबा गुंडू वरुटे याच्यासाठी लाल फडक्यात गुंडाळलेली एक सुरी आहे. तिची हकिकत लिहिल्याशिवाय ती देता येत नाही.

अकरा वर्षांपूर्वी आमचं गावाकडचं वडिलोपार्जित रान रस्त्यात गेलं. ताबा द्यायच्या आदल्या दिवशी केरबा तिथला शेवटचा ऊस मोळी बांधून माझ्या शेडवर घेऊन आला. म्हणाला, ‘‘आण्णा, बाच्या रानातला ऊस हाय. ह्याची मूठ करून दे. खंडेनवमीला पुजायची हाय मला.’’

खंडेनवमी तोंडावर आली होती. मी म्हटलं, ‘‘वाळू दे की रं जरा.’’

‘‘वाळायला पापड हाय व्हय त्यो? तुला जमत न्हाय म्हण की.’’

जमत नाही म्हटलेलं मला खपत नाही. उसाची पेरं चिरली आणि ओली असतानाच रेझिन ओतलं. बुडबुडे दबले असं वाटलं. आपल्या जिल्ह्यात उसापुढे कोणाचं डोकं चालत नाही, तसं माझंही चाललं नाही. खंडेनवमीला सुरी त्याच्या हातात दिली, त्याने घरी नेऊन हळदकुंकू वाहिलं. दिवाळीत, सगळा गोतावळा जमलेला असताना, भोपळा चिरताना मूठ मधोमध फुटली. आतून आंबलेल्या रसाचा वास आला. केरबा सगळ्यांसमोर म्हणाला, ‘‘बाच्या उसाचं भुस्काट केलंस तू.’’ मी म्हटलं, ‘‘ऊस वला, आन् आणणाऱ्याची अक्कल त्याहून वली.’’

तेव्हापासून तो माझ्या दारात आलेला नाही आणि मी त्याच्या. शालन म्हणते, सुरी हातात दिली म्हणून भांडण लागलं. आमची आईही सांगायची, सुरी खाली ठेवावी, दुसऱ्याने ती उचलून घ्यावी. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी त्यानंतर मी एकही सुरी कोणाच्या हातात दिलेली नाही.

त्या मोळीतली काही पेरं उरली होती. मुंग्या लागल्या म्हणून ती उकळली, रसाचा सगळा गोडवा काढला आणि शेल्फच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. गेल्या उन्हाळ्यात ती हातात घेतली तर कापसासारखी हलकी लागली. त्यांची मूठ केली. आडव्या चिरलेल्या पेरातले धाग्यांचे ठिपके स्वच्छ दिसतात. एक मुंगी आत राहिली आहे, तिच्याबद्दल तक्रार करू नये.

ही सुरी मोनाने केरबाच्या घरी न्यावी, जमिनीवर ठेवावी, आणि त्याने ती उचलावी. हातात देऊ नये. त्याने घेतली नाही, तर माझ्याबरोबर सरणावर ठेवू नये, रेझिनचा धूर वाईट असतो. परत फळीवर ठेवावी. पण त्याने घ्यावी अशी माझी फार इच्छा आहे. ऊस ओला होता, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. तरी माझा भाऊ मला हवा आहे.

सह्या करण्यापूर्वी घातलेली भर

दुसरे साक्षीदार म्हणून शेजारचे गणपतराव यायचे होते, ते ऐनवेळी गावाला गेले. शालन म्हणाली, मी बघते कोणीतरी. तिने फोन केला आणि तासाभराने दारात केरबा उभा राहिला. डोकं पार पांढरं झालं आहे त्याचं.

वकील म्हणाले, साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. केरबा म्हणाला, ‘‘वाचल्याबिगार म्या सही करत न्हाय.’’ त्याने वाचलं. सातवं कलम दोनदा वाचलं. मग वकिलांनी त्यालाही तेच सांगितलं, सुरी किंवा साक्ष, दोन्हीपैकी एकच.

केरबा उठला. मला वाटलं, निघाला. तो शेडमध्ये गेला आणि लाल फडक्यातली सुरी आणून त्याने माझ्यापुढे टेबलावर ठेवली. ‘‘दे,’’ म्हणाला.

मी फडकं सोडलं आणि सुरी त्याच्याकडे सरकवली.

‘‘सरकवू नगंस. हातात दे.’’

‘‘भांडान लागतंय म्हणत्यात.’’

‘‘अकरा वर्सं भांडलो की. आता आणि काय लागायचं ऱ्हायलंय?’’

मी सुरी त्याच्या हातात दिली. त्याने मूठ उजेडाला धरली आणि मुंगी शोधून काढली.

सबब ही सुरी आता माझ्या मालकीची राहिलेली नाही. म्हणून कलम ७ वाचता येईल अशा एका रेघेने खोडलं आहे आणि त्या खोडाखोडीवर आम्हा तिघांच्या छोट्या सह्या आहेत. बाकी कागद जसाच्या तसा कायम आहे.

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार :
(सही) आकाराम गुंडू वरुटे

वरील सही आमच्यादेखत झाली आणि आम्ही त्यांच्यादेखत सह्या केल्या.

साक्षीदार :
१. (सही) बसवेश मल्लाप्पा पाटणे, शाहूपुरी, कोल्हापूर. हार्डनर मुदतीतला होता.
२. (सही) केरबा गुंडू वरुटे, सख्खा भाऊ. मला ह्या कागदातून काय नको. ऊस वला हुता.